दुपारी बंद पडणारे बाहेरचे युनिट आणि 'जळलेला' कॉम्प्रेसर

आपल्या प्रश्नाचा गोषवारा आधी मांडतो. डॅलसजवळच्या उपनगरात आपले घर आहे. साडेतीन टनांची मध्यवर्ती वातानुकूलन यंत्रणा आहे. तिचे आतले युनिट पोटमाळ्यावर आणि बाहेरचे कुंपणालगत बसवलेले आहे. जुलै लागल्यापासून सकाळी घर व्यवस्थित गार होते, पण दुपारी तीन-साडेतीनच्या सुमारास छतातल्या जाळ्यांमधून कोमट हवा येऊ लागते. आतला पंखा चालू असतो, थर्मोस्टॅट 'कूलिंग चालू' असेच दाखवत असतो आणि बाहेरचे युनिट मात्र गप्प असते. रात्री ते आपोआप पुन्हा चालू होते. पहिल्या तंत्रज्ञाने कपॅसिटर (मोटरला सुरू व्हायला आणि चालायला मदत करणारा, विजेचा भार साठवणारा डबा) आणि कॉन्टॅक्टर (बाहेरच्या युनिटची वीज जोडणारा-तोडणारा, हुकमावर चालणारा स्विच) बदलला, थोडा गॅस भरला, आणि पुढचे दोन ढगाळ दिवस सगळे ठीक चालले. मग तक्रार पुन्हा उद्भवली तेव्हा दुसऱ्या कंपनीचा माणूस दुपारी चार वाजता आला, त्याने कॉम्प्रेसरची वाइंडिंग (मोटरमधले तारेचे वेटोळे) ओपन, म्हणजे तुटलेली, असल्याचे सांगितले आणि नव्या यंत्रणेचे अंदाजपत्रक हातात ठेवले. सध्या मुक्कामाला आलेल्या आणि वीज मंडळातून निवृत्त झालेल्या आपल्या वडिलांनी दोन गोष्टी टिपल्या आहेत. एक, बाहेरच्या युनिटचा वरचा पंखा आधी थांबतो, खालची कॉम्प्रेसरची गुणगुण काही मिनिटे चालू राहते आणि मग सगळे शांत होते. दुसरी, युनिट बंद असतानाही त्यांनी भारतातून आणलेला टेस्टर कॉन्टॅक्टरच्या दोन्ही बाजूंना पेटतो.

माझे मत असे की, कॉम्प्रेसर बहुधा शाबूत आहे, आणि पंख्याची मोटर, किंवा तिला लागणारी कपॅसिटरची बाजू, या दोन्हींची चौकशी पूर्ण होईपर्यंत आपण नव्या यंत्रणेच्या कागदावर सही करू नये. वडिलांचे पहिले निरीक्षण हा या प्रकरणातला सर्वांत मोलाचा पुरावा आहे, आणि दोन तंत्रज्ञ येऊन गेले तरी त्यांना कोणी काही विचारले नाही, याचे मला आश्चर्य वाटते. पुण्यात आयटीआय करून मी या धंद्यात आलो आणि टेक्सासात पोटमाळ्यांवर घाम गाळत बरीच वर्षे काढली; त्या अनुभवावरून सांगतो की, अशा बिघाडात सुटे भाग बदलत सुटणे हा सर्वांत महागडा आणि सर्वांत कमी उपयोगाचा मार्ग असतो. विजेचा बिघाड शोधायचा म्हणजे वीज कुठपर्यंत पोहोचते आणि कुठे अडते, हे मोजत जायचे. त्यासाठी यंत्र बिघडलेल्या अवस्थेत असतानाच तिथे हजर असावे लागते.

वडिलांच्या दुसऱ्या निरीक्षणाचा उलगडा आधी करतो, कारण त्यात धोका दडलेला आहे. भारतात घरगुती यंत्राला एक फेज आणि एक न्यूट्रल मिळून 230 व्होल्ट मिळतात. अमेरिकेत बाहेरच्या युनिटला न्यूट्रल सहसा जातच नाही. तिथे दोन जिवंत तारा येतात, प्रत्येकीचा जमिनीशी फरक 120 व्होल्ट असतो आणि दोघींमधला फरक 240. घरगुती युनिटांत बऱ्याचदा सिंगल पोल कॉन्टॅक्टर असतो, म्हणजे तो दोनपैकी एकच तार तोडतो आणि दुसरी तार पितळी पट्टीवरून थेट कपॅसिटरपर्यंत आणि मोटरपर्यंत पोहोचलेली असते. कॉन्टॅक्टर सुटलेला, म्हणजे उघडा, असला तरी या न तुटलेल्या तारेचा दाब वाइंडिंगमधून फिरून तोडलेल्या बाजूच्या टोकापर्यंत येतो, आणि म्हणून टेस्टर दोन्हीकडे पेटतो. त्यावरून 'करंट तर पुढे जातोय' असा निष्कर्ष निघत नाही. निघतो तो इतकाच की, यंत्र बंद दिसत असतानाही त्याच्या आतला जवळजवळ प्रत्येक उघडा स्क्रू 120 व्होल्टचा झटका देऊ शकतो. काकांचा, म्हणजे आपल्या वडिलांचा, अनुभव मोठा आहे, यात शंका नाही. तरीही भिंतीवरचा डिस्कनेक्ट (युनिटची वीज तोडणारा, उपसता येणारा खटका) उपसून बाजूला ठेवल्याशिवाय त्यांनी ते झाकण पुन्हा उघडू नये, अशी माझी विनंती आहे. डिस्कनेक्ट काढल्यावरही कपॅसिटरमध्ये भार उरलेला असू शकतो. तो स्क्रूड्रायव्हरने ठिणगी पाडून नव्हे, तर 20 किलोओहमचा चांगल्या वॅटेजचा रोधक काही सेकंद लावून उतरवावा आणि शून्य झाल्याची मीटरने खात्री करावी. हा उपसायचा डिस्कनेक्ट बऱ्याच ठिकाणी उलटा खोचला की 'बंद' राहतो, हेही लक्षात असू द्या. एवढ्याच कारणासाठी मी एकदा भर उन्हात साठ मैल गाडी हाकली आहे.

आता यंत्रणेची रचना. तिच्यात दोन वेगळी मंडले (सर्किट) आहेत आणि ती फक्त कॉन्टॅक्टरपाशी एकमेकांना भेटतात. पहिले मंडल हुकमाचे, म्हणजे 24 व्होल्टचे. आतल्या युनिटमधला छोटा ट्रान्सफॉर्मर, बहुतेक घरांत 40 व्होल्ट-अँपिअर क्षमतेचा, हा दाब तयार करतो. 'आर' या टोकाची लाल तार थर्मोस्टॅटकडे जाते. गारवा हवा असला की थर्मोस्टॅट 'आर'ला 'वाय' आणि 'जी' या टोकांशी जोडतो. 'जी'मुळे आतला पंखा फिरतो, आणि 'वाय'ची पिवळी तार निचऱ्याच्या फ्लोट स्विचमधून (निचऱ्याचे पाणी तुंबले की हा उघडतो) व बाहेरच्या दाब-स्विचांमधून कॉन्टॅक्टरच्या कॉइलपर्यंत जाऊन 'सी'च्या तारेने ट्रान्सफॉर्मरकडे परत येते. दाब-स्विच सर्व युनिटांत असतातच असे नाही. झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवलेली आकृती पाहावी, तीच आपल्या यंत्राची खरी कुंडली. दुसरे मंडल कामाचे, म्हणजे 240 व्होल्टचे: ब्रेकर, डिस्कनेक्ट, कॉन्टॅक्टरचे पॉइंट (एकमेकांना भिडून वीज जोडणारे धातूचे तुकडे), कपॅसिटर, पंख्याची मोटर आणि कॉम्प्रेसर.

या रचनेवरून आपल्या घरातल्या कितीतरी शंका जागच्या जागी मिटतात. आतला पंखा चालू आहे आणि थर्मोस्टॅटचा पडदा उजळलेला आहे. म्हणजे ट्रान्सफॉर्मर जिवंत आहे आणि बोर्डावरचा 3 किंवा 5 अँपिअरचा फ्यूज शाबूत आहे. फ्लोट स्विच कुठे जोडला आहे यावर त्याचे लक्षण ठरते: तो 'आर' तोडत असेल तर थर्मोस्टॅट सहसा कोरा पडतो, आणि 'वाय' तोडत असेल तर आतला पंखा चालू राहून फक्त बाहेरचे युनिट थांबते. आपले लक्षण वरवर दुसऱ्या प्रकारात बसते. परंतु फ्लोट स्विचने 'वाय' तोडला असता, तर कॉम्प्रेसर आणि पंखा एकाच क्षणी थांबले असते, कारण दोघेही त्याच कॉन्टॅक्टरवर आहेत. पंखा आधी थांबतो आणि कॉम्प्रेसर काही मिनिटे गुणगुणत राहतो, याचा अर्थ त्या मिनिटांत कॉन्टॅक्टर ओढलेला, म्हणजे जोडलेला, आहे आणि 240 व्होल्ट पुढे पोहोचत आहेत. बिघाडाची सुरुवात हुकमाच्या मंडलात नाही, ती कामाच्या मंडलात आहे आणि त्यातही पंख्याच्या फांदीवर आहे. यासाठी एकही उपकरण लागलेले नाही.

पुढचा प्रश्न सगळे शांत झाल्यानंतरच्या अवस्थेचा आहे. पंखा थांबला की कंडेन्सरमधली (बाहेरच्या युनिटच्या नळ्यांच्या जाळीतली) उष्णता बाहेर पडत नाही आणि गॅसचा दाब झपाट्याने चढतो. आर-410ए हा गॅस 120 अंश फॅरनहाइटला द्रवरूप होत असताना त्याचा दाब सुमारे 418 पीएसआय असतो. पंख्याविना तो तिथून वर वर जात राहतो. यंत्रात उच्च दाबाचा स्विच असेल तर तो साधारण 600 ते 650 पीएसआयच्या दरम्यान उघडतो आणि 24 व्होल्टचा मार्ग तुटून कॉन्टॅक्टर सुटतो. स्विच नसेल, किंवा तो उघडण्याआधीच कॉम्प्रेसर फार तापला, तर कॉम्प्रेसरच्या पोटातले ओव्हरलोड, म्हणजे जादा तापल्यावर वीज तोडणारा संरक्षक स्विच, उघडते. अशा वेळी कॉन्टॅक्टर ओढलेलाच राहतो आणि कॉम्प्रेसर तेवढा गप्प होतो. या दोन्हींतला फरक झाकण न उघडता कळू शकतो. सगळे शांत असताना एकाने युनिटजवळ उभे राहावे आणि दुसऱ्याने थर्मोस्टॅट बंद करावा. आतून स्पष्ट 'खट' असा आवाज आला, तर कॉन्टॅक्टर तोपर्यंत ओढलेला होता, म्हणजे हुकमाचे मंडल निर्दोष आहे. आवाज आलाच नाही, तर तो आधीच सुटलेला होता आणि 24 व्होल्ट वाटेत कुठेतरी अडले आहेत. थर्मोस्टॅट पुन्हा चालू केल्यावर कॉन्टॅक्टर लगेच ओढला जाणार नाही, कारण बहुतेक थर्मोस्टॅट आणि बोर्ड कॉम्प्रेसरच्या रक्षणासाठी सुमारे पाच मिनिटे थांबतात. या पाच मिनिटांनाच बिघाड समजून धडाधड बटणे दाबणारे कमी नाहीत.

24 व्होल्ट अडले असतील तर ते शोधण्याची रीत एकदा नीट समजून घ्यावी, कारण ती सर्वच मंडलांना लागू पडते. मीटर 'इथे व्होल्टेज आहे' असे कधीच सांगत नाही; तो दोन बिंदूंमधला फरक सांगतो. बंद, म्हणजे जोडलेल्या स्विचच्या दोन टोकांवर मीटर लावला की शून्य दिसते, कारण दोन्ही टोके एकाच पातळीवर असतात. मंडलात तो एकच स्विच उघडा असेल, तर त्याच्या दोन टोकांवर अख्खे 24 व्होल्ट दिसतात. म्हणून मी एक टोक 'सी'वर रोवतो आणि दुसरे टोक 'आर'पासून एकेक पायरी पुढे नेतो: थर्मोस्टॅटनंतर 26 (नावाला 24 व्होल्ट असले तरी मीटरवर थोडे जास्त दिसतात), फ्लोट स्विचनंतर 26, दाब-स्विचच्या अलीकडे 26 आणि पलीकडे शून्य, की मग चोर सापडला. कॉइलच्या दोन टोकांवर 24 मिळत असूनही कॉन्टॅक्टर ओढला जात नसेल, तर कॉइल तुटली आहे किंवा तिचा दांडा अडकला आहे. टेक्सासात कॉन्टॅक्टरच्या पॉइंटमध्ये मुंग्या चिरडून त्यांचा थर साचल्याने पॉइंट न भिडण्याचे प्रकार इतके घडतात की, झाकण उघडल्यावर मी आधी मुंग्याच शोधतो.

यात एक फसवी जागा आहे. कॉइल जोडलेली नसताना, म्हणजे भार नसताना घेतलेले मोजमाप कुजलेली तारही चांगली दाखवते. एकच केस उरलेल्या तांब्याच्या तारेतून मीटरला पुरेल इतका अत्यल्प प्रवाह जातो, मीटर 26 दाखवतो. कॉइल जोडताच ते 26 कोसळून 9 होतात. म्हणून मोजायचे ते भार जोडलेला ठेवून. याच कारणासाठी निऑन टेस्टर किंवा तारेजवळ धरला की चमकणारा पेन-टेस्टर निदानासाठी मी वापरत नाही. 240 च्या बाजूला तर ते हमखास फसवतात: दोनपैकी एक तार ब्रेकरपाशी तुटली, तर दुसरीचा दाब मोटरच्या वाइंडिंगमधून उलटा फिरून तुटलेल्या तारेवरही येतो, जमिनीशी मोजले तर दोन्हीकडे 120 दिसतात, टेस्टर दोन्हीकडे पेटतो, आणि दोन तारांमध्ये मोजले तर शून्य. तार ते तार मोजावे, तार ते जमीन नव्हे.

फ्यूज जाण्याचा प्रकार आपल्याकडे घडलेला नाही, पण हुकमाच्या मंडलातला तो सर्वांत त्रासदायक बिघाड असल्यामुळे माझ्याच एका चुकीचा उल्लेख करतो. एका घरी यंत्रणा दहा-पंधरा मिनिटे चालायची आणि बोर्डावरचा 3 अँपिअरचा फ्यूज जायचा. मी कॉन्टॅक्टरच्या कॉइलचा रोध मोजला, तो बारा-तेरा ओहम निघाला, आणि ओहमच्या नियमाने भागाकार करून 'ही कॉइल दोन अँपिअर खाते' असे ठरवून मी ती बदलली. चूक अशी की कॉइलला एसी दाब मिळतो, गाभा ओढला गेल्यावर तिचा एकूण अडथळा रोधापेक्षा कितीतरी जास्त होतो आणि तिचा प्रवाह काही दशांश अँपिअरच असतो. कमी ओहम म्हणजे शॉर्ट नव्हे. दोन दिवसांनी त्याच घरी पुन्हा गेलो. या वेळी फ्यूजच्या जागी हाताने रिसेट करायचा 3 अँपिअरचा छोटा ब्रेकर लावला आणि बाहेरच्या दोन तारा सोडवून एकेक फांदी वेगळी करत गेलो. 'वाय'ची केबल तांब्याच्या नळीला प्लास्टिकच्या पट्टीने आवळलेली होती आणि युनिटच्या पत्र्याला पाडलेल्या भोकाच्या धारेवर तिचे आवरण कापले गेले होते. कॉम्प्रेसरच्या थरथरीने घासता घासता ती तार कधीतरी पत्र्याला टेकायची. दोष तारेच्या दीड इंचाचा होता आणि मी कॉइलचे पैसे लावले होते; ते परत केले. फ्यूज फक्त गारव्याचा हुकूम दिल्यावरच जात असेल, तर प्रथम बाहेर जाणारी ही दोन तारांची केबल तिच्या पूर्ण लांबीत डोळ्यांनी पाहावी. गवत कापायच्या दोरीच्या यंत्राने, कुत्र्याने किंवा उंदराने ती सोललेली आढळते.

आता आपल्या खऱ्या संशयिताकडे, म्हणजे कामाच्या मंडलाकडे. पंख्याची मोटर तापली की तिच्यातले स्वतःचे ओव्हरलोड उघडते आणि निवल्यावर आपोआप जुळते. सकाळी हवा 80 अंश फॅरनहाइट असते तेव्हा झिजलेल्या बेअरिंगची किंवा अपुऱ्या कपॅसिटरवर चालणारी मोटर कशीबशी तग धरते. दुपारी तापमान शंभरी ओलांडते आणि त्यात कंडेन्सरमधून बाहेर पडणारी आणखी तापलेली हवा नेमकी त्या मोटरवरूनच वर जाते. म्हणून हा बिघाड दुपारचा. पंखा थांबलेला आणि गुणगुण चालू असताना क्लॅम्प मीटर (तार न तोडता प्रवाह मोजणारा चिमटा) पंख्याच्या तारेवर लावला, तर दोनपैकी एक गोष्ट दिसेल. मोटरला 240 व्होल्ट मिळत असूनही प्रवाह शून्य असेल, तर तिचे ओव्हरलोड उघडले आहे. प्रवाह पाटीवरच्या आकड्यापेक्षा बराच जास्त असेल, तर मोटर सुरू होण्यासाठी धडपडते आहे आणि दोष कपॅसिटरचा किंवा जाम झालेल्या बेअरिंगचा आहे. दुसरी अवस्था थोड्या वेळाने पहिलीत बदलते, हे ध्यानात घेऊन मोटर निवल्यावर आणि चालू झाल्यावर पुढची मोजणी करावी. वीज तोडून पाते हाताने फिरवले असता ते अडखळते का, आणि दांडा आडवा हलतो का, हेही पाहावे.

कपॅसिटर नुकताच बदललेला असल्याने त्याच्याकडे दुर्लक्ष होण्याचा संभव आहे, आणि तिथेच मला शंका आहे. आपल्या युनिटात एकाच डब्यात दोन कपॅसिटर असणार: डब्यावरच्या 'सी' (कॉमन; हा हुकमाच्या मंडलातला 'सी' नव्हे) आणि 'हर्म' या टोकांमध्ये कॉम्प्रेसरचा, समजा 40 मायक्रोफॅरडचा, आणि 'सी' व 'फॅन'मध्ये पंख्याचा, समजा 5 चा. मोटरच्या पाटीवर 7.5 लिहिलेले असताना गाडीत होता म्हणून 40/5 चा डबा बसवला गेला, तर मोटर फिरते, पण कमी जोमाने आणि जास्त तापून. म्हणून डब्यावरचा आकडा मोटरच्या पाटीशी ताडून पाहावा. चालू यंत्रावर खरी क्षमता मोजण्याचे सूत्र सोपे आहे: कपॅसिटरच्या तारेतला अँपिअर गुणिले 2652, भागिले त्या कपॅसिटरच्या दोन टोकांवरचे व्होल्ट. समजा 'हर्म'च्या तारेतून 5 अँपिअर जातात आणि टोकांवर 330 व्होल्ट आहेत, तर उत्तर सुमारे 40 येते, म्हणजे कपॅसिटर उत्तम. तिथेच 3.6 अँपिअर मिळाले असते, तर उत्तर 29 आले असते आणि तो कपॅसिटर टाकाऊ ठरला असता, कारण सहसा 5 ते 6 टक्क्यांची तूटच चालते. 2652 हा आकडा 60 हर्ट्झसाठी आहे. भारतातल्या 50 हर्ट्झवर काकांनी हे सूत्र वापरायचे ठरवले, तर 3183 घ्यावा. फुगलेला डबा वाईट असतोच, पण न फुगलेला चांगला असतो असे नाही.

पॉइंटविषयी थोडक्यात: यंत्र चालू असताना कॉन्टॅक्टरच्या एकाच पोलच्या वरच्या आणि खालच्या टोकांमध्ये मोजले तर जवळजवळ शून्य यायला हवे. 18 अँपिअर वाहत असताना तिथे 3 व्होल्ट पडत असतील, तर 54 वॅटची शेगडी त्या पॉइंटवर पेटलेली आहे. आपला कॉन्टॅक्टर नवा आहे. त्याच्या स्क्रूंची पकड तेवढी तपासावी.

कॉम्प्रेसरवर जो निकाल दिला गेला, तो मला मान्य नाही. त्याला कॉमन, स्टार्ट आणि रन अशी तीन टोके असतात. वीज तोडून आणि तारा सोडवून मोजल्यास कॉमन ते रन आणि कॉमन ते स्टार्ट या दोन रोधांची बेरीज स्टार्ट ते रन या रोधाइतकी यायला हवी, उदाहरणार्थ 0.6 आणि 1.8 ओहम असतील, तर तिसरे मोजमाप 2.4. आतले ओव्हरलोड बहुतेक कॉमनच्या वाटेवर असते. ते उघडले की कॉमनपासून दोन्हीकडे 'ओपन' दिसते, पण स्टार्ट ते रन 2.4 दिसतच राहतात. हे तापलेल्या कॉम्प्रेसरचे लक्षण आहे, मेलेल्याचे नव्हे. दुसरा तंत्रज्ञ चार वाजता आला, म्हणजे कॉम्प्रेसर पंख्याविना भाजून निघाल्यावर अर्ध्या-पाऊण तासाने. त्याला 'ओपन' मिळणारच होते. त्याने तिसरे मोजमाप घेतले का, आणि घेतले असल्यास आकडा किती आला, हे आपण त्याला विचारावे. ते ओव्हरलोड जुळायला कित्येकदा दोन-तीन तासही लागतात, कारण पोलादी कवचातली उष्णता सहज बाहेर पडत नाही. रात्री यंत्र आपोआप सुरू होते, हाच वाइंडिंग शाबूत असल्याचा रोजचा दाखला आहे. तुटलेली तार रात्री सांधली जात नाही. कॉम्प्रेसरवर अंतिम निकाल द्यायचा तर तो पूर्ण निवल्यावर ही तीन मोजमापे आणि प्रत्येक टोकापासून कवचापर्यंतचा इन्सुलेशन रोध मेगरने (इन्सुलेशन तपासण्याच्या खास मीटरने) मोजूनच द्यावा.

पहिल्या तंत्रज्ञाच्या कामानंतर यंत्र चालले, याचेही कारण आता दिसते. दुरुस्तीसाठी त्याने वीज तोडून तासभर काम केले, तेवढ्यात दोन्ही मोटरी निवल्या, आणि पुढचे दोन दिवस ढगाळ होते. काहीही बदलले नसते, तरी यंत्र चालले असते. तापून बंद पडणाऱ्या प्रत्येक बिघाडात हा सापळा असतो: दुरुस्तीत जो वेळ जातो, तोच वेळ रोगाला तात्पुरता उतार देतो. त्याने भरलेल्या गॅसची मात्र मला काळजी आहे. मूळ भरणा पुरेसा असेल, तर जादा गॅसने दाब वाढतो आणि पंख्यावरचा व कॉम्प्रेसरवरचा ताणही वाढतो. पंखा दुरुस्त झाल्यावर, कंडेन्सरच्या कॉइलमधला कॉटनवूड झाडाच्या कापसाचा थर पाण्याने धुऊन काढल्यावर, द्रवनळीचे तापमान आणि दाब मोजून सबकूलिंग (द्रव झालेला गॅस आणखी किती अंश गार झाला, ते माप) पाटीवरच्या आकड्याशी जुळते का, हे पाहायला सांगावे. त्या आधी केलेल्या गॅसच्या कोणत्याही मोजणीला अर्थ नाही. अमेरिकेत गॅसचे मंडल उघडण्यासाठी क्लीन एअर ॲक्ट या कायद्याच्या कलम 608 खालचे, पर्यावरण संरक्षण संस्थेच्या नियमांनुसारचे प्रमाणपत्र लागते, त्यामुळे ही गोष्ट घरी करायची नाही.

नव्या यंत्रणेचा विचार पुढे कधी करावाच लागला, तर एवढेच सांगतो की 2025 पासून नव्याने येऊ लागलेल्या आर-454बी किंवा आर-32 या गॅसवरच्या यंत्रांत गॅसगळती ओळखणारा सेन्सरही हुकमाच्या मंडलात येऊ शकतो. त्याने गळती नोंदवली की कॉम्प्रेसर थांबतो आणि आतला पंखा मुद्दाम चालू ठेवला जातो. म्हणजे आपण आज सांगता तेच लक्षण तिथे सर्वस्वी वेगळ्या कारणाने दिसेल. इन्व्हर्टर यंत्रांत तर वीज तोडल्यानंतरही बोर्डावर काही मिनिटे 300 व्होल्टच्या वरचा डीसी दाब राहू शकतो. तिथे वर सांगितलेली कपॅसिटरची सूत्रे चालत नाहीत, पाटीवरचा इशारा वाचून तेवढा वेळ थांबावे लागते आणि कामाची सुरुवात एरर कोडपासून करावी लागते.

आता आपण करायचे ते असे. तंत्रज्ञाला सकाळची वेळ मागू नये. दुपारी तीनची मागावी आणि बिघाड होईपर्यंत त्याने थांबावे, असे आधीच ठरवून घ्यावे, मग त्या तासाचे वेगळे पैसे द्यावे लागले तरी चालतील. पंख्याचा प्रवाह, पंख्याच्या कपॅसिटरची चालू यंत्रावरची क्षमता आणि कॉम्प्रेसरचे तीन रोध, एवढे आकडे त्याने बिलावर लिहून द्यावेत. मोटर बदलावी लागली, तर अश्वशक्ती, फेरे, फिरण्याची दिशा आणि कपॅसिटर हे चारही जुन्या पाटीशी जुळले पाहिजेत. तोपर्यंत काकांना एक काम सांगतो, ज्यासाठी झाकण उघडण्याची किंवा टेस्टर हातात घेण्याची गरज नाही. सावलीत खुर्ची टाकून त्यांनी पंखा थांबल्याची आणि गुणगुण थांबल्याची वेळ वहीत लिहावी, आणि त्यानंतर तासभर लक्ष ठेवावे. गुणगुण दर काही मिनिटांनी पुन्हा सुरू होऊन बंद पडत असेल, तर दाब-स्विच उघडझाप करतो आहे. मध्येच पंखा एकटाच फिरू लागला आणि त्यातून वर येणारी हवा गरम नसेल, तर कॉन्टॅक्टर ओढलेला आहे, पंख्याची मोटर निवून जुळली आहे आणि कॉम्प्रेसरचे ओव्हरलोड अजून उघडे आहे. हे दिसले की थर्मोस्टॅट लगेच बंद करून ठेवावा आणि रात्रीपर्यंत यंत्राला विश्रांती द्यावी, कारण रोज असे भाजत राहिल्यास शाबूत असलेला कॉम्प्रेसरही एक दिवस खरोखरच जाईल. त्या वहीतले आकडे मला कळवावेत.